केकवरचा पाक

धाकट्या जावेने पातेली तिरकी केली आणि केकवर साखरेचा तांबूस पाक ओतला. तो कडेवरून संथ ओघळला. "बघा ना वहिनी, कसा चकाकतोय!" ती म्हणाली. चकाकेल नाही तर काय? लोण्यात परतलेली साखरच ती.

केक माझा होता. आजारपणानंतर सासऱ्यांच्या तोंडाची चव गेली होती; त्यांच्या पोटात चार घास जावेत, म्हणून हा खटाटोप. मनुका, अंजीर, खजूर तीन दिवस संत्र्याच्या रसात भिजवले. दालचिनी, सुंठ, जायफळ मोजून कुटलं. यादीतल्या एकोणीस ओळींवर खुणा झाल्या, तेव्हा कुठे केक ओव्हनमधून बाहेर आला. विसावी ओळ हिने आपल्या मनाने जोडली, तीही फोटोसाठी.

जगाची रीतच ही. भिंत कशी बांधलीय ते कोणी विचारत नाही, रंगाला मात्र वा वा. पंगतीचा स्वयंपाक करणारे घामाघूम, आणि कौतुक वरून केशर भुरभुरणाऱ्याचं. या चकाकीवाल्यांची मला कीव येते. खरं तर कीवही येत नाही.

सासऱ्यांनी वरचा पाक चमच्याने खरवडून खाल्ला, बशी पुढे केली आणि विचारलं, "हे अजून आहे का गं?" खाली माझा केक जसाच्या तसा.

किती दिवसांनी त्यांनी काही मागून घेतलं होतं! मी तोंड वाकडं करतच यादीत विसावी ओळ लिहिली: पाक, दुप्पट.