घारीसाठी राजा

समोरच्या सोसायटीतले भीमराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. आळंदी रस्त्यापासून नदीपर्यंतच्या घारींची घरटी ते वीस वर्षं पाहताहेत. कुठं जोडी बसली, किती पिल्लं उडाली, झाड तुटल्यावर कोण कुठं गेलं. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नाही, म्हणून ते चोख होतं.

घात घरच्याच घरट्यानं केला. गच्चीलगतच्या नीलगिरीवरून पिल्लू पडलं, भीमरावांनी शिडी लावून परत ठेवलं, आणि घारीनं त्यांचा चेहरा ध्यानात ठेवला. तेव्हापासून गच्चीवर ते दिसले की झडप! पापड वाळवणाऱ्या बायकांकडे ती ढुंकूनही पाहत नसे.

टकलाला पट्टी लावून ते माझ्याकडे आले. "अण्णा, तुमची ट्रंक उघडता का?"

अहो, संगीत नाटकांत मी केलेले सगळे राजे दाढ्यामिशांसकट त्या ट्रंकेत झोपले होते! मी स्वतः भीमरावांना राजाची दाढी चिकटवली. राजा गच्चीवर तासभर निर्धास्त बसला. आठवड्यात घारीनं राजा ओळखला. मग सेनापती.

सेनापती जिन्यात चेअरमन मथुराबाईंना भेटले. त्या किंचाळल्या. संध्याकाळी गच्चीवरच सभा. विषय, फांदी तोडणे. साक्षीला मीही गेलो.

"पोरं खेळतात इथं. उद्या कुणाचा डोळा गेला म्हणजे?"

"बाई, ती फक्त मलाच मारते."

"पुरावा?"

भीमरावांनी मिशी उपटली, पागोटं काढलं आणि मधोमध उभे राहिले. घार आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून सरळ त्यांच्या टकलावर. वळली, पुन्हा तिथंच.

मथुराबाईंनी चष्मा पुसला. "म्हणजे घारीचा त्रास नाही, तुमचा आहे. मग फांदी कशाला? पिल्लं उडेपर्यंत आपणच जा."

ठराव झाला: घरटं राहील, भीमराव जातील. अनुमोदनाला पहिला हात भीमरावांचाच वर गेला. दुसऱ्या हातानं त्यांनी टकलावर रुमाल दाबला होता.

हल्ली ते माझ्याकडे मुक्कामी आहेत. शेवटची, ऋषींची जटा चढवून बाल्कनीतून दुर्बिणीनं पाहतात. काल पिल्लू पहिल्यांदा उडालं आणि थेट आमच्याच कठड्यावर बसलं. मागोमाग आई. तिनं ऋषींना आपादमस्तक न्याहाळलं. भीमरावांनी डोळे मिटले, हात गुडघ्यांवर ठेवले. पापणीही हलली नाही.

मायलेकरं उडून गेली. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या.

"अण्णा, हळू," ऋषी पुटपुटले, "दुसरं पिल्लू अजून घरट्यात आहे."