एसी कमी करा

माझी नोकरी गेली, तिच्यामागोमाग एम्प्लॉयमेंट पासही गेला. महिनाभरात दुसरं काही मिळालं नाही तर सिंगापूर सोडायचं होतं. जपानची स्कीइंगची ट्रिप मात्र आधीच ठरलेली होती. "इथून जायचंच असेल तर पोरीला बर्फ तरी बघू दे," बायको म्हणाली. मी चिडलो, भांडलो आणि गेलो.

भाड्याच्या गाडीने तीन रिसॉर्ट करायचे होते. दुसऱ्यावर पोचलो आणि मेल आला, आजच दुपारी व्हिडिओवर इंटरव्ह्यू. त्यांना लगेच रुजू होणारा माणूस हवा होता, म्हणून अर्जात मी सिंगापुरातच आहे असं ठोकून दिलं होतं.

मायलेकींना उतारावर पाठवून मी पार्किंगमध्ये गाडीत बसलो. काचा बर्फाने झाकल्या होत्या, ते एक बरं झालं. जॅकेट काढून बॅगेतला इस्त्रीचा शर्ट चढवला. आवाज नको म्हणून हीटरही बंद केला.

पाच मिनिटांत माझे दात वाजायला लागले. स्क्रीनवरच्या बाई हसून म्हणाल्या, "तुमचा एसी फारच थंड दिसतोय. कमी करा ना."

मी मुकाट्याने हात उचलून नसलेल्या रिमोटचं बटण दाबलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "उद्या सकाळी दहाला आमच्या नोव्हेना स्टेशनजवळच्या ऑफिसात याल?"

डोंगर उतरायचा रस्ता आम्ही वर पोचल्यावर बर्फामुळे बंद झाला होता.

"येतो ना," मी म्हणालो. "तोआ पायोहलाच राहतो. एकच तर स्टेशन आहे."