फोर-टेन की थ्री-ओ-एट?

जुनी गाडी घेतली की तिच्याबरोबर किस्से फुकट येतात, आणि बऱ्याचदा गाडीपेक्षा तेच जास्त चालतात! आम्ही ॲमस्टरडॅमचे जुने लोक आजही कुणाकडे जेवायला जमलो की पानं वाढून होईपर्यंत कोणीतरी म्हणतंच, "ए, श्रीरंगच्या गाडीचं सांग ना!" मग मी सांगतो. कारण बहुतेक वेळा मी तिथे हजर होतो. काय चाललंय ते तेव्हाही कळत नव्हतं, पण हजर होतो.

साधारण दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. ॲमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागातल्या एका सॉफ्टवेअर ऑफिसात श्रीरंग आणि मी शेजारी शेजारी बसायचो. दोघंही पुण्याचे. एका सोमवारी त्याने जाहीर केलं की त्याने नायमेखन शहराजवळच्या खेड्यातल्या एका गॅरेजमधून अमेरिकन मसल कार घेतली आहे. साठच्या दशकातली, दोन दारांची, आठ सिलिंडरची. बॉनेट एवढं लांब की आधी ते वळायचं, मग थोड्या वेळाने आपण!

त्याची बायको मुग्धा डिपेंडंट व्हिसावर आली होती, पण आम्हा सगळ्यांच्या आधी डच शिकून लायब्ररीत नोकरीला लागली होती. तिला त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं, "इंजिन एकदम ओरिजिनल आहे!"

"आणि गिअरबॉक्स?"

"तो नाहीये. म्हणजे आपल्याला हवा तो बसवता येईल!"

"अच्छा," मुग्धा म्हणाली. "म्हणजे कुकर आहे, झाकण नाही. आपल्याला हवं ते बसवा!"

*

हवा तो म्हणजे कुठला, इथूनच घोळ सुरू झाला. श्रीरंगने इंटरनेटवरच्या एका फोरमवर साधा प्रश्न टाकला, "मॅन्युअल घेऊ की ऑटोमॅटिक?" जगभरातून उत्तरं आली. चार गिअरचा मॅन्युअलच घे. तीन गिअरचा ऑटोमॅटिकच घे. पाच गिअरवाला घे, नाहीतर हायवेवर इंजिन बोंबलेल. एकाने तर लिहिलं, गिअरबॉक्स राहू दे, आधी मागच्या ॲक्सलचं ठरव! आणि शेवटी सगळ्यांचा एकच उलटा प्रश्न: तुला ही गाडी नक्की कशासाठी हवी आहे?

श्रीरंगने बराच विचार केला. मग स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "मुग्धा, आपल्याला ही गाडी कशासाठी हवी आहे गं?"

मुग्धा पोळी लाटायची थांबली. "हा प्रश्न लोक गाडी घेण्याआधी विचारतात!"

*

मग ॲक्सल. मागच्या ॲक्सलमध्ये जे गिअर असतात, त्यांचा एक आकडा असतो. चाक एकदा फिरायला इंजिनकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो, तो आकडा. मोठा आकडा घेतला, म्हणजे चार पॉइंट दहा, तर गाडी सिग्नलवरून सुसाट निघते पण हायवेवर केकाटते. लहान घेतला, तीन पॉइंट शून्य आठ, तर हायवेवर शांत पण सिग्नलवर सुस्त. आता सांगतोय तेवढं सोपं हे तेव्हा कोणालाच वाटलं नव्हतं. ऑफिसात दिवसभर आमचं एकच, "फोर-टेन की थ्री-ओ-एट?"

आमचा डच मॅनेजर दोन दिवस ऐकत होता. तिसऱ्या दिवशी गंभीर चेहऱ्याने आला. "श्रीरंग, फायनल काय ठरलं?"

श्रीरंग खूश! साहेब आपल्या गाडीत इंटरेस्ट घेतोय! "फोर-टेन," तो म्हणाला. "थोडा आवाज होईल, पण परफॉर्मन्स जबरदस्त!"

संध्याकाळी सगळ्या टीमला मॅनेजरची मेल: व्हर्जन ४.१० लवकरच येत आहे, कृपया ग्राहकांना आवाजाबद्दल आधीच कल्पना द्यावी!

*

दरम्यान श्रीरंगचे बाबा पुण्याहून उन्हाळ्यापुरते राहायला आले. मुग्धाने अट घातली, "बाबा परत जायच्या आत त्यांना या गाडीतून फिरवून आण. नाही जमलं, तर गाडी विकायची."

श्रीरंगचा चेहरा पडला. ती हे गमतीत म्हणत नव्हती. त्याचे सगळे शनिवार नायमेखनला जायचे आणि मुग्धा घरी एकटी असायची.

त्या शनिवारी आम्ही सगळेच गॅरेजला गेलो. गाडीतल्या जुन्या ॲक्सलचा आकडा काय आहे, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. गॅरेजचा मालक विम म्हणाला, मोजा. आम्ही मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, खडूने खूण केली. मी एक चाक पुढे फिरवलं. दांडा जागचा हलला नाही. उलट पलीकडचं चाक मागे फिरायला लागलं! पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. दोन इंजिनिअर गाडीखाली आडवे, आणि उत्तर शून्य!

बाबा खुर्ची टाकून बघत होते. "एक पुढे जातंय, एक मागे," ते म्हणाले. "लग्न झालेलं दिसतंय त्यांचं."

मुग्धा एवढी हसली की विमला वाटलं तिला काहीतरी लागलं! नंतर विमने मोजून सांगितलं, थ्री-ओ-एट. आमच्यासमोर मोजायला मात्र त्याने ठाम नकार दिला.

*

थ्री-ओ-एटच ठेवा, असं विमचं मत होतं. "हा सपाट देश आहे. घाई करून जाणार कुठे? समुद्रात?"

श्रीरंग ऐकेना. मुग्धा वैतागली, "अरे, पण फोर-टेनने होणार काय एवढं?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "कॉलेजभर बाबांची जुनी स्कूटर चालवली मी. प्रत्येक सिग्नलला मागच्यांच्या शिव्या खाल्ल्यात. आयुष्यात एकदा तरी सिग्नलवरून पहिला निघायचंय मला."

मुग्धाने विमला डचमध्ये सांगून टाकलं, "फोर-टेन बसवा. आणि चार गिअरचा मॅन्युअल."

बाबा तेवढे पुटपुटले, "स्कूटर चांगली होती."

*

गाडी तयार झाली. पहिल्याच दिवशी खेड्याच्या रस्त्यावर श्रीरंग ओरडला, "तीस मैल, म्हणजे बघ, पन्नास किलोमीटर!" तेवढ्यात मागून ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला.

गडबड अशी, की स्पीडोमीटर मैलांचा. शिवाय तो जुन्या ॲक्सलप्रमाणे मोजणारा. म्हणजे काटा बघायचा, त्याचे किलोमीटर करायचे, आणि मग त्यातला पाव भाग वजा करायचा. मुग्धाने विचारलं, "आत्ता आपण किती वेगाने चाललोय?"

श्रीरंग म्हणाला, "थांब, गाडी बाजूला घेऊन सांगतो!"

*

आणि मग ग्रोनिंगनची सहल! बाबांचं परतीचं विमान जवळ आलं होतं. ग्रोनिंगनला त्यांची नात, म्हणजे श्रीरंगची भाची, शिकायला होती. तिला भेटायचं ठरलं. पुढे श्रीरंग आणि मुग्धा. मागे मी, मांडीवर बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा. शेजारी बाबा. एवढ्या आवाजातही ते डोक्यावरून शाल ओढून, सीटवर मुटकुळं करून गाढ झोपले होते.

हायवेवर इंजिन असं केकाटत होतं की श्रीरंगला वेग वाढवायचा धीर होईना. ट्रकसुद्धा आम्हाला मागे टाकत होते. शेवटी पोलिसांची गाडी पुढे आली आणि आम्हाला पेट्रोल पंपाच्या पार्किंगमध्ये घेऊन गेली.

"मी बोलते," मुग्धा श्रीरंगला म्हणाली. "तू गिअर सांगत बसशील."

पोलिसाने विचारलं, इतके हळू का चाललात? मुग्धाने काच खाली करून तिच्या शुद्ध डचमध्ये सांगितलं. डचमध्ये ॲक्सलला 'आस' म्हणतात, अगदी आपल्या बैलगाडीच्या आसासारखं. "मागे आस आहे ना, म्हणून सांभाळून चाललोय."

"आस?" पोलिसाचा आवाज एकदम खाली आला.

"हो, मागे. माझे सासरेही मागेच आहेत. या गाडीतून जायची त्यांची फार इच्छा होती."

पोलिसाने वाकून मागे बघितलं. त्याला शालीचा ढीग दिसला, आणि आवाजाने डोकं उठलेला, उतरल्या तोंडाचा मी. माझ्या मांडीवर दोन्ही हातांनी धरलेला, झाकण लावलेला स्टीलचा डबा.

त्याने टोपी काढली. मुग्धाचा हात हातात घेतला, हळू आवाजात एक लांबलचक शब्द उच्चारला आणि आपल्या गाडीकडे गेला.

"काय म्हणाला?" श्रीरंगने विचारलं.

मुग्धा गोंधळली होती. "हा शब्द आम्हाला क्लासमध्ये शिकवला होता. कोणी गेलं की म्हणतात."

"कोण गेलं?"

मुग्धाने कपाळावर हात मारला. "अरे देवा! आस म्हणजे ॲक्सल. आणि आस म्हणजे राखसुद्धा!"

तिघांनी एकदम डब्याकडे बघितलं. तोवर पोलिसाने निळा दिवा लावून, मागे या म्हणून खूण केली होती. आता नाही कसं म्हणणार? निघालो. पुढे निळा दिवा, मागे आम्ही, त्याच आमच्या गतीने. शेजारच्या लेनमधल्या गाड्या हळू झाल्या. ओव्हरटेक करायची कोणाची छाती होईना!

या सगळ्यात बाबा जागे झाले. शाल बाजूला करून उठून बसले. पुढची पोलिसांची गाडी बघितली, बाजूचे थबकलेले ट्रक बघितले.

"श्रीरंग, हे आपल्यासाठी?"

"हो बाबा."

"अरे वा!" बाबांनी केस सारखे केले, काच खाली केली आणि ट्रकवाल्यांना हसून हात करायला सुरुवात केली.

"बाबा," मुग्धा कळवळून म्हणाली, "प्लीज, आडवे व्हा!"