पळीभर करडईचं तेल

बरेच महिने बंद असलेली मोटरसायकल चालू करताना आधी किक मारायची नाही. ती स्टँडवर घ्यायची, गिअरमध्ये टाकायची आणि मागचं चाक हाताने ढकलून इंजिन आतून फिरतंय का ते पाहायचं. फिरत असेल तर जुनं पेट्रोल काढून ताजं घालायचं, प्लग पुसायचा, आणि मगच किकवर पाय ठेवायचा. हे सगळं मला अण्णाने शिकवलं आणि मी ते अक्षरशः पाळलं. चूक त्याच्या कितीतरी आधी, मोटरसायकल बंद करून ठेवतानाच झाली होती, आणि ती सर्वस्वी माझी होती.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. रस्त्यांच्या कामावर ओव्हरसीयर होता. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्याने ती मोटरसायकल घेतली आणि अळणावरपासून हुबळीपर्यंतची धूळ तिच्यावर बसून खाल्ली. लढाई सुरू झाली, पेट्रोल कूपनावर मिळायला लागलं, तरी संध्याकाळी धारवाडच्या आमच्या घरासमोर तिचा आवाज आला की वहिनी चहाचं आधण ठेवायची. मग एका पावसाळ्यात त्याला खोकल्याने धरलं, ते सोडलंच नाही. दसऱ्यानंतर त्याला क्षयाच्या इस्पितळात न्यायचं ठरलं. खंडेनवमीला मोटरसायकलला हळदकुंकू मी लावलं, कारण त्याला अंथरुणातून उठवत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने मला जवळ बसवून घेतलं. टाकी रिकामी कर, प्लग काढून आत चमचाभर तेल सोड, वरून पोतं टाक, आणि आठवड्यातून एकदा प्लग काढून चार किका मार, म्हणजे आतलं काही धरणार नाही. मी मान डोलावली. मी शाळामास्तर, सांगितलेलं लक्षात ठेवतो याचा मला कोण गर्व.

इंजिनाच्या तेलाचा डबा कोरडा निघाला. आमच्याकडे तेल म्हणजे करडईचं. फोडणीला तेच, भाकरीबरोबरच्या चटणीवर तेच, दिव्यात तेच, कुरकुरणाऱ्या बिजागरीलाही तेच. मोटरसायकलला काही वेगळं लागत असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. शिवाय भावाची वस्तू, हात आखडता कशाला घ्यायचा, म्हणून चमच्याऐवजी पळीभर ओतलं.

पहिल्या रविवारी सांगितल्याप्रमाणे किक मारली. प्लग काढलेलं इंजिन नुसतं फुसफुसतं, पण तेवढ्यानेही वहिनी स्वयंपाकघरातून धावत दारात आली. हाताला पीठ तसंच. तिला वाटलं, तो आला. मला पाहून परत गेली. दुसऱ्या रविवारीही तेच झालं. तिसऱ्या रविवारी माझ्याच्याने किक मारवेना. त्याची भरपाई म्हणून मी दर आठवड्याला आणखी चमचाभर तेल सोडत राहिलो. एवढी अक्कल मी चालवली.

शिमग्याच्या आधी अण्णाला घरी पाठवून दिलं. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि ते त्यालाही ठाऊक होतं. ओसरीवरच्या आरामखुर्चीत तो शालीत गुंडाळून बसलेला असायचा. त्याने खायला मागितलं नाही, कुणाला भेटायला बोलावलं नाही. एकच मागितलं.

"मला बसायचं नाही तिच्यावर. एकदा चालू कर, ऐकतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोतं काढलं. गिअरमध्ये टाकून चाक ढकललं, ते तसूभरही हललं नाही. खुर्चीतून तो खुणा करत होता. जोर लावू नको, किकला हात लावू नको, आत रॉकेल सोड, उद्या बघू. रॉकेलचीही तेव्हा टंचाई, वहिनीने कंदिलातलं काढून दिलं. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. रोज उठल्यावर तो आधी मोटरसायकलकडे बघायचा, मग माझ्याकडे. चौथ्या दिवशी मी आगगाडीने हुबळीला गेलो आणि कमरीपेठेतला एक मिस्त्री घेऊन आलो.

मोटरसायकल आम्ही परसात नेली. मिस्त्रीने प्लग काढला, तार घालून आतून काहीतरी तपकिरी, चिकट खरवडलं, नखावर घेऊन हुंगलं.

"कुसुबी एण्णी हाकीरेन्री?" त्याने हळूच विचारलं. करडईचं तेल घातलंत का?

मी हो म्हणालो. तो हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं. हे तेल कढईच्या काठाला कसं लाखेसारखं बसतं ते घरातल्या बायकांना विचारा, म्हणाला. सगळं उकलावं लागेल, आठ दिवस तरी हवेत. मग हातगाडीवर घालून मोटरसायकल स्टेशनाकडे घेऊन गेला.

मी ओसरीवर आलो. अण्णाने विचारलं, काय म्हणाला.

"गंज चढलाय म्हणाला."

तोंड खरं सांगायलाच उघडलं होतं, बाहेर हे पडलं.

"म्हणजे माझंच चुकलं," तो म्हणाला. "चमचाभर सांगितलं. तेल जास्त सांगायला हवं होतं तुला."

मी तेव्हाही बोलू शकलो असतो. त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तू सगळं नीट केलंस, असं म्हणाला. हात तापाने कढत होता. आज सांगू, उद्या सांगू म्हणत पाच दिवस काढले. सहाव्या दिवशी पहाटे तो गेला.

तेरावा झाल्यावर मिस्त्री मोटरसायकल घेऊन आला. दारात उभी केली आणि मला म्हणाला, मारा किक. दुसऱ्या किकला ती चालू झाली, अगदी पूर्वीच्याच आवाजात. आत भांडं पडलं आणि वहिनी धावत दारापर्यंत आली. हाताला पीठ तसंच होतं.

"भावजी, बंद करा," ती म्हणाली. मी बंद केली.

ती जायला वळली, मग थांबली.

"निघाला का गंज?"

मी हो म्हणालो.