धुराचा दाखला

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी रत्नागिरीत वाहनांच्या सरकारी कचेरीत कारकून होते. गाड्यांच्या धुराचा नवा नियम आला आणि त्याच्यामागोमाग एक यंत्रही आलं. अख्ख्या जिल्ह्याला ते एकच होतं. नळी सायलेन्सरमध्ये घालायची, ड्रायव्हरने उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबायचा आणि यंत्राने धूर एका पांढऱ्या कागदातून ओढायचा. कागद किती काळवंडला ते साहेब छापील पट्टीशी ताडून पाहत. त्यांनी मान हलवली की मी दाखल्यावर शिक्का मारत असे.

हे काम मी आवडीने अंगावर घेतलं, त्याला कारण होतं. माझी थोरली जाऊ हातखंब्याच्या पुढे, महामार्गावरच्या एका चढावाच्या पायथ्याशी चहाचं दुकान चालवायची. दीर मुंबईला. वर चढणारा प्रत्येक ट्रक तिथेच गिअर बदलायचा आणि धुराचा लोट थेट दुकानात शिरायचा. चहाच्या भांड्यांवर काजळी बसे ती घासून निघे. छातीत बसे तिचं काय करणार? तिला दमा जडला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, रस्ता सोडा. तिच्या भावाने आतल्या गावात घराची एक पडवी देऊ केली होती. तिने बोचकं बांधलंही होतं. मीच थांबवलं.

"वर्षभर कळ काढा, वहिनी. आता दाखल्याशिवाय ट्रक रस्त्यावर येणार नाही. धूर कमी होईल."

"तुझ्या शिक्क्याने गो?" ती हसली आणि हसता हसता खोकली. पण थांबली.

तपासणीला ट्रक येऊ लागले आणि धडाधड पास होऊ लागले. कागद जेमतेम करडे व्हायचे. एक चिरे वाहणारा ड्रायव्हर तर यंत्रापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालू लागला, "बा म्हाराजा, या मशीनच्या मनात काय शंका आसंल ती दूर कर!" रांगेतले सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!"

साहेब म्हणाले, "अरे, गाडीचं काम केलंस का?"

"केलंय साब. पन देवाला सांगितल्यालं बरं."

त्याचाही कागद चांगला निघाला. मी शिक्का मारला. नियम चालतोय असं मला मनापासून वाटलं.

तो शनिवार होता. कचेरी अर्धा दिवस, म्हणून दुपारच्या एसटीने मी जावेकडे गेले. बाकावर टेकते न टेकते तोच सकाळचा तो नारळवाला ट्रक येऊन उभा राहिला, आता चिऱ्यांनी भरलेला. ड्रायव्हर खाली उतरला.

"काकी, पाना!"

जावेने वर न बघता बिस्किटांच्या बरणीमागून पाना काढून दिला. त्याने बॉनेट उघडलं, पंपाचा स्क्रू फिरवला आणि हात पुसत चहाला वळला. तेव्हा त्याला मी दिसले.

"आवो बाई! तुमी हितं?"

"काय केलंस रे ते?"

"तपासणीला डिझेल कमी करायचं, मंग धूर येत नाय. पन तेवढ्यावर भरलेली गाडी हा चढ चढंल व्हय? तुमच्या मशीनला चढाव दाखवलाय कुनी?"

चहा पिऊन तो गेला. धूर आत आला. जाऊ पदर तोंडाशी धरून उभी राहिली.

मी विचारलं, "वहिनी, हा पाना कोणाचा?"

"माझा. सगळेच मागतात. आधी तुमच्या कचेरीबाहेरच्या झाडाखाली स्क्रू फिरवायचे आणि चहाही तिथेच प्यायचे. पाना ठेवला तशी गाड्या इथे थांबतात."

"अहो, पण तो धूर तुमच्याच छातीत जातो!"

"ठाऊक आहे. दुकान ठेव म्हणून तूच सांगितलंस ना? मग गिऱ्हाईक नको?"



सोमवारी मी साहेबांना सांगितलं. तपासणी भरलेल्या गाडीची करा, रस्त्यावर करा, चढावर करा. "लेखी द्या," ते म्हणाले. मी दिलं. त्यांनी ते वर पाठवलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. चार महिन्यांनी उत्तर आलं. यंत्र कार्यालयाच्या आवाराबाहेर नेऊ नये.

मी जावेला म्हटलं, आता तरी भावाकडे जा. तोवर त्याच्या मुलाचं लग्न झालं होतं आणि पडवीत नवं बिऱ्हाड थाटलं होतं. ती दुकानातच राहिली. पाना देत राहिली आणि मी शिक्के मारत राहिले. कागद रोज करडेच निघत.

पुढच्या हिवाळ्यात तिला दुकानाच्या पायऱ्या चढवेनात. दीर येऊन तिला मुंबईला घेऊन गेले. त्यांची खोली मोठ्या रस्त्यावर होती. तिथे तिने वर्षसुद्धा काढलं नाही.

ती गावी गेली असती तर जगली असती की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. मी तिला थांबवलं होतं, एवढं मात्र मला ठाऊक आहे.