मरिसाने काढलेली ओळ

मरिसा वसईची. आखातात, जबल अलीच्या एका कंपनीत ती कामगारांच्या बसमध्ये बसवायच्या पेटीचं सॉफ्टवेअर लिहिते. इंजिन, ब्रेक, एसी एकमेकांना निरोप पाठवतात. पेटी ते ऐकून ऑफिसला कळवते. इंटरनॅशनल सिटीत आम्ही दोघी एका खोलीत राहतो. मी साहित्य शिकले. तिचं काम मला फारसं कळत नाही.

पेटीतल्या लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने, कुठलाही इशारा दिला की पेटी बंद पडायची. ही सावधगिरी मरिसाचीच. आणि पेटी गप्प झाली की ड्रायव्हरने बस कडेला घेऊन इंजिन बंद करायचं, हा कंपनीचा नियम. जुलैत एक बस तीनदा अशी थांबली. चाळीस कामगार उन्हात उभे राहिले. हमदुल्ला नावाचा गवंडी चक्कर येऊन पडला.

तेव्हापासून मरिसा धड जेवत नव्हती.

"तो इशारा उगाच आहे," एका शुक्रवारी ती म्हणाली. "दोन भागांचं संभाषण संपताना दोन्ही बाजू हजर हव्यात, असं तो धरून चालतो. कधी एक आधीच निघून जाते. त्यात काही बिघडत नाही."

"मग काढ की. किती ओळी?"

"एक."

"एवढंच?"

"तू ओळ खोडलीस तर फार तर कवी रडेल. माझं चुकलं तर बस खरंच बिघडेल, आणि कुणाला कळणारही नाही."

तिचे साहेब सुरेशसर म्हणाले, "यल्ला, चल, ओळ काढून एका बसमध्ये टाकून बघ."

तिने ओळ काढून नवं सॉफ्टवेअर त्या थांबणाऱ्या बसमध्ये टाकलं. त्याच बसने जायचं ठरवलं. "चल ना गं," मला म्हणाली.

संध्याकाळी कामगारांची पाळी सुटली, आम्हीही बसमध्ये चढलो. हमदुल्ला पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन दाराजवळ बसला. मरिसाने लॅपटॉप उघडला. मी तिच्या शेजारी बसले.

"आता," ती पुटपुटली. एक बाजू आधी निघून गेली होती. इथेच पेटी बंद पडायची.

एसी चालूच राहिला.

"आज खडी नहीं हुई, मॅडम," ड्रायव्हर यूनुस आरशात बघत म्हणाला.

"चलाते रहो, भाई."

कामगारांच्या कॅम्पवर सगळे उतरले. तिने बंद झालेलं एकेक संभाषण मोजलं. कुठे काही अडकलं नव्हतं. तिचा फोन वाजला.

"गुड," सुरेशसर म्हणाले. "उद्या कंपनीच्या साठही बसमध्ये टाक."

"हो सर," ती म्हणाली. काही चुकलं असेल तर आता साठ बस बिघडणार होत्या. फोन ठेवून तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.