वचनावरचं नाव

माझ्या मोठ्या मामांइतका संतापी ख्रिस्ती माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा निघणार नाही, आणि निघालाच तर मामा त्याच्याशीही भांडतील. जन्म धुळ्याकडचा, नोकरी बोदवड स्टेशनवर पार्सल क्लार्कची, आणि निवृत्तीनंतरचा उद्योग एकच: देवाने इस्राएलला दिलेली वचनं लोकांच्या हातून सोडवणं. एरवी बोलणं पुस्तकी. राग आला की अहिराणी. त्यामुळे अहिराणीचा सराव कधी सुटला नाही.

आमच्या चर्चमध्ये नववर्षाच्या पहिल्या सकाळी चिठ्ठ्यांची थाळी फिरते. डोळे मिटून एक उचलायची; शास्त्रातलं जे वचन निघेल ते वर्षभर आपलं. कुणी फ्रिजवर चिकटवतं, कुणी मोबाइलच्या कव्हरात ठेवतं. मामा दारात उभे राहून एकेकाची चिठ्ठी मागून घेत, 'हे तुझं कशावरून?' विचारत आणि हे वचन मुळात कुणाला दिलं होतं ते सांगत. फैजपूरच्या एका केळीवाल्या पाहुण्याला जमीन भरभरून पिकण्याचं वचन निघालं. बिचारा पेढे आणायला निघाला होता. मामा कडाडले, "हाई तुन्ही चिठ्ठी नही शे! वर नाव इस्राएलनं शे. दुसरानं पार्सल सोडावाले तू कोन?" पाहुणा पुन्हा आमच्या चर्चला आला नाही.

नव्या पाळकांनी उपदेशातून समजूत घातली, की इस्राएलने ख्रिस्ताला नाकारलं, म्हणून ती सगळी वचनं आता आपल्या मंडळीची झाली. मामा भर उपासनेत उठून उभे राहिले. "आशीर्वाद बठ्ठा आपला, नि शाप तेवढा त्यासना? शापबी वाटी ल्या ना!" पाळक म्हणाले, "काका, बसा." काका कसले बसतात! देव दिलेला शब्द फिरवत नाही, आपण इस्राएलच्या जुन्या झाडावर मागून बांधलेलं कलम, कलमाने खोडाला हाकलायचं नसतं, हे सगळं त्यांनी उभ्यानेच ऐकवलं. बाहेर मंडळींचा चहा गार होऊन गेला.

हे मी चारचौघांत हसत सांगायचो. गेल्या जानेवारीपर्यंत.

आईला हृदयाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. थाळीतून तिच्या हाती चिठ्ठी आली ती नेमकी जखमा भरून काढण्याची, बरं करण्याची. त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. त्या सकाळी मामा चर्चला नव्हते; दोन दिवसांनी ते जळगावला आमच्या घरी आले. आईने कौतुकाने चिठ्ठी पुढे केली. मामांनी चष्मा लावला, वाचली, आणि जिला कडेवर घेऊन वाढवलं त्या धाकट्या बहिणीला म्हणाले, "बाई, हे सियोनला, म्हणजे इस्राएलला सांगितलंय. तुला नाही."

माझं डोकं फिरलं. अजून फिरतं. मी तोंडावर म्हणालो, "तुमची विद्वत्ता घाला चुलीत! ती घाबरलीये, दिसत नाही? एक दिवस खोटं बोलला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?" मामा चपला घालून निघून गेले. मी अडवलं नाही.

ओरडली ती आई, आणि माझ्यावर. "मामा खरं तेच बोलले. आज इस्राएलकडून काढून मला दिलं, तर उद्या माझ्याकडून काढून आणखी कुणाला देईल. असला देव घेऊन मी ऑपरेशनला कशी जाऊ?" चिठ्ठी तिने बाजूला ठेवली आणि दवाखान्याची पिशवी भरायला घेतली.

ऑपरेशनमधून आई परत आली नाही.

मातीच्या वेळी पाळक देवाच्या इच्छेबद्दल बोलत होते. सगळे पांगल्यावरही मामा कबरीजवळ बसून राहिले. मी उठवायला गेलो तेव्हा मान खालीच ठेवून म्हणाले, "भाच्या, त्या दिवशी मी हो म्हणायला पाहिजे होतं का रे?"

मला त्यांना दुखवायचं होतं. 'तुम्ही हो म्हणायला हवं होतं' हे वाक्य मी आई गेल्यापासून दातांखाली धरून ठेवलं होतं. पण आई त्या चिठ्ठीच्या भरवशावर गेली असती, तर आज मी देवाला लबाड म्हणत बसलो असतो. तिने मात्र जाताना त्याच्याकडे काही मागणं ठेवलं नव्हतं.

"नाही मामा," मी म्हणालो.

जन्मभर ज्याला त्याला 'कशावरून?' विचारणारे मामा माझा हात धरून उठले. मला काहीच विचारलं नाही.